'ठाण्याला पाठवा' म्हणणाऱ्यांनी पाहावं असं लंडनचं संग्रहालय

ठाणेकराला ही चेष्टा नवी नाही. कुठे राहता विचारलं, 'ठाण्याला' म्हटलं, की समोरचा कानशिलाजवळ बोट फिरवून हसतो. पुण्याकडे हाच मान येरवड्याला. ठाण्यात १९०१ साली सुरू झालेल्या मनोरुग्णालयामुळे अख्ख्या शहराचं नाव टोमणा होऊन बसलं. लंडनमध्ये 'बेथलेम' इस्पितळाचं अगदी हेच झालं. लोकांच्या तोंडी त्याचं 'बेडलम' झालं आणि इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच मुळी गोंधळ, धिंगाणा असा रूढ झाला. याच इस्पितळाच्या आवारात 'बेथलेम म्युझियम ऑफ द माइंड' आहे. मुला-नातवंडांकडे लंडनला जाणारे ठाणेकर कमी नाहीत. मेणाचे पुतळे आणि घड्याळाचा मनोरा बघून झाला की अर्धा दिवस इकडे काढा.

प्रवेश फुकट आहे. चेरिंग क्रॉस किंवा लंडन ब्रिजहून हेजकडे जाणारी लोकल पकडायची आणि ईडन पार्कला उतरायचं. तिथून पायी पंधरा-वीस मिनिटं. हे स्टेशन झोन ५ मध्ये येतं, त्यामुळे फक्त मध्य लंडनचा पास काढला असेल तर तो इथे चालत नाही. बँकेचं कार्ड चढताना-उतरताना टेकवलेलं बरं, आणि दोन्ही वेळा एकच कार्ड. संग्रहालय आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडं असतं. निघण्याआधी संकेतस्थळ बघितलं नाही तर फाटकावरून परत यावं लागतं. आणखी एक : आवारात चालू रुग्णालय आहे, बाकांवर बसलेली माणसं उपचार घेणारी असू शकतात. कॅमेरा इमारतीत शिरेपर्यंत पिशवीतच राहू द्या.

आत मांडणी सनावळीप्रमाणे नाही, विषयवार आहे. ज्याला इतिहास माहीत नाही तो इथे हमखास गोंधळतो. १७ व्या शतकातली वस्तू आणि २० व्या शतकातली वस्तू शेजारी दिसतात. म्हणून पाच साल पाठ करून जा. १२४७ : बिशपगेटला मठ म्हणून स्थापना. १६७६ : मूरफील्ड्सला रॉबर्ट हूकने आखलेली राजवाड्यासारखी इमारत. १८१५ : सेंट जॉर्जेस फील्ड्सला स्थलांतर. १९३० : सध्याची बेकनहॅमची जागा. आणि २०१५ : संग्रहालय या इमारतीत आलं.

जिन्यापाशीच कायस गॅब्रिएल सिबरचे दोन दगडी पुतळे आहेत. हे मूरफील्ड्सच्या दरवाजावर असायचे. एक उन्मादाचा, एक विषादाचा. दोघे उघडे, आडवे, डोकी भादरलेली. उन्मादवाल्याच्या मनगटांकडे नीट बघा, बेड्या आहेत. विषादवाल्याला त्यांची गरजच नाही, तो नुसताच शून्यात बघतोय. बरेच जण फोटो काढून वर जातात, पण इथे पाच मिनिटं थांबायला हरकत नाही. या पुतळ्यांखालून लोक आत जात ते रुग्णांना 'बघायला'. सणासुदीला तर झुंबड. सरसकट शिरकाव १७७० मध्ये थांबला. (ठाण्याचं हॉस्पिटल आतून बघता येईल का, असं विचारणारे आजही भेटतात. नाही, येणार नाही.)

बंधनांच्या विभागात लोखंडी आणि कातडी बेड्या, पट्टे आहेत. इथे जाताना बेथलेममधल्या जेम्स नॉरिस या रुग्णाची हकिकत माहीत हवी. १८१४ मध्ये समाजसुधारक एडवर्ड वेकफील्ड तपासणीला गेला तेव्हा हा माणूस सापडला : गळ्यात लोखंडी कडं, ते आखूड साखळीने उभ्या लोखंडी दांड्याला अडकवलेलं, दंड कमरेच्या पट्ट्याशी जखडलेले. अशी काही वर्षं गेलेली. त्यानंतर संसदेची चौकशी समिती बसली. काचेपलीकडचं लोखंड बघून 'जुना काळ' म्हणत पुढे सरकू नका. तमिळनाडूत एरवाडीला २००१ साली आग लागली, तेव्हा २८ रुग्ण साखळ्यांमुळे जागचे हलू शकले नाहीत. आपल्याकडे साखळीवर स्पष्ट बंदी आली ती २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम ९५. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देणंही त्याच कलमाने बंद केलं. सिनेमात दिसतो तो तडफडणारा शॉक आणि आजचा उपचार यांत फरक आहे तो नेमका या दोन इंजेक्शनांचा.

हेन्री हेरिंगने १८५० च्या दशकात काढलेले रुग्णांचे फोटो या संग्रहाची मोठी ठेव. काही जोडीने आहेत : दाखल होतानाचा आणि बरं झाल्यावरचा. दुसऱ्या फोटोत केस विंचरलेले, कपडे नीटनेटके. आजार बरा झाला की नुसता कंगवा फिरला, हे फोटोवरून ठरवता येत नाही, एवढं लक्षात ठेवून बघा.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो चित्रकार लुई वेनच्या मांजरांना. हा इथलाच एक रुग्ण. या मांजरांची चित्रं व्हॉट्सॲपवर नक्की येऊन गेली असतील : आधी गोजिरवाणं मांजर, मग डोळे वटारलेलं, शेवटी नुसती रंगीत नक्षी, आणि खाली मजकूर, 'स्किझोफ्रेनिया असा वाढत गेला'. खोटं आहे. चित्रांवर तारखाच नाहीत. १९३९ मध्ये वॉल्टर मॅक्ले या मनोविकारतज्ज्ञाने ती एका दुकानातून घेतली आणि आपल्या तर्काने ओळीत लावली. वेन नक्षीदार आणि साधी मांजरं पुढेमागे काढतच होता. तरीही ही ओळ वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत छापली गेली. खोली सोडण्याआधी मनातल्या मनात चित्रांचा क्रम उलटा लावून बघा. तोही तितकाच पटतो.

चित्रकार रिचर्ड डॅडसाठी जाणार असाल तर सांगून ठेवतो : त्याचं ते परीकथेतलं, गवताच्या पात्यांनी खचाखच भरलेलं प्रसिद्ध चित्र टेट संग्रहालयाकडे आहे. बेथलेममध्ये त्याने ते १८५५ ते १८६४ या काळात काढलं, पण इथे आहेत ती त्याची जलरंगातली कामं. वडिलांचा खून केल्यावर तो इथे वीस वर्षं होता.

कमी काय आहे? वसाहतींतलं. कुलाब्याच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळातली गर्दी, मग ठाणे, रत्नागिरी, येरवडा, नागपूर हा धागा इथे शोधू नका; हे एका इस्पितळाचं संग्रहालय आहे. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना बंधनांच्या विभागात नेऊ नये. घरात कोणी नुकतंच दाखल होऊन आलं असेल तर त्यांना आधी विचारावं, सरप्राइज म्हणून तर मुळीच नेऊ नये.

वेळ उरला तर जुन्या जागाही पाहता येतात. सेंट जॉर्जेस फील्ड्सच्या इमारतीचा घुमटासह मधला भाग म्हणजे आजचं इम्पीरियल वॉर म्युझियम, स्टेशन लॅम्बेथ नॉर्थ. आणि १२४७ ची मूळ जागा आता लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनाच्या परिसरात गेलीय, पाटी तेवढी आहे. ठाणे-मुलुंडच्या मधलं नवं स्टेशनही मनोरुग्णालयाच्याच जमिनीवर व्हायचंय. पाटीचं काय ते अजून कोणी बोललेलं नाही.