अण्णांची लिव्हरची गाठ सुईने जाळली, नाशिकमध्येच

अण्णांना जुनी कावीळ ब, त्यातून सिरोसिस (लिव्हर व्रण पडून कडक होत जाणं), म्हणून दर सहा महिन्यांनी निफाडहून सोनोग्राफीला आणायचो आणि यावेळी गाठ दिसली, सीटीवर 2.4 सेमीची, एकच. काका म्हणाले उद्याच परळला टाटाला चला. पण आमच्या पोटाच्या डॉक्टरांनी आधी नाशिकमधल्याच एका हॉस्पिटलात पाठवलं (नाव टाकत नाहीये, पुढे तक्रारही आहे).

तिथल्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (सोनोग्राफी-सीटीत बघत सुईने उपचार करणारे डॉक्टर) सरांनी सीटी दाखवून अर्धा तास समजावलं, त्यासाठी त्यांचे आभार मानावे तेवढे कमीच. लिव्हर आधीच थकलेलं, कापणं जोखमीचं, गाठ 3 सेमीच्या आत आहे तर सुई घालून जागच्या जागी जाळता येते. जाळायची एक पद्धत आरएफए, त्यात करंटने तापवतात, पण अण्णांची गाठ मोठ्या रक्तवाहिनीला लागून, आणि वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं मग कडेच्या पेशी जिवंत राहू शकतात, म्हणून दुसरी पद्धत, मायक्रोवेव्ह लहरींनी तापवायची, त्यात हा त्रास कमी. गाठीभोवतीचं अर्धा ते एक सेमी चांगलं लिव्हरही मुद्दाम जाळतात. आई घाबरली, "आतून भाजणार म्हणजे काय हो?" तिला सांगितलं, भूल देतात, आणि 60 डिग्रीच्या वर पेशी लगेच मरतात.

आधी प्लेटलेट, आयएनआर (रक्त नीट गोठतं का ते) तपासलं. आत दीड तास लागला, त्यात प्रत्यक्ष जाळणं काही मिनिटांचंच. टाका नाही, बारीक छिद्र, दुसऱ्या दिवशी सुट्टी. मग तीन-चार दिवस कणकण आणि उजवा खांदा दुखायचा, पण हे होणार असं सिस्टरांनी आधीच सांगितलेलं, ताप चढला किंवा थंडी वाजली तर लगेच या हेही सांगितलेलं, त्यामुळे रात्री धीर होता.

तक्रार बिलिंगची. सुई एकदाच वापरायची असते, बिलात सगळ्यात मोठी रक्कम तिचीच, आणि एस्टिमेटमध्ये तिचा उल्लेखच नाही! टीपीएच्या (विम्याचा क्लेम बघणारी कंपनी) कागदांसाठी पाच तास बसवलं, पेशंट खुर्चीत, कोणी धड बोलायला तयार नाही. एवढ्या चांगल्या डॉक्टरांच्या हाताखाली असं होऊ नये. तुम्ही जाल तेव्हा सुईची किंमत आधी लेखी मागा.

महिन्याने सीटी झाला, गाठीच्या जागी डाय (सीटीसाठी शिरेतून देतात ते औषध) घेतलेला नाही म्हणजे तिथे जिवंत काही उरलेलं नाही. सिरोसिस आहे तोवर दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते, म्हणून आता दर तीन महिन्यांनी तपासणी. ऑक्टोबर छाटणीला अण्णा स्वतः बागेत उभे होते, पुढचा सीटी जानेवारीत.