पायोग्लिटाझोन: केवळ वजनकाट्यावर जोखू नये अशी गोळी

मधुमेहाच्या बहुतेक औषधांचा हिशेब रक्तातील साखरेपासून सुरू होतो. पायोग्लिटाझोनचा मात्र चरबीपासून मांडावा लागतो, कारण या गोळीचे मुख्य कार्यक्षेत्रच मेदपेशी हे आहे. पेशीच्या केंद्रकातील पीपीएआर-गॅमा हा ग्राही (संदेश स्वीकारणारे प्रथिन) ती कार्यान्वित करते आणि त्वचेखाली नव्या, आकाराने लहान, इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देणाऱ्या मेदपेशी तयार होऊ लागतात. यकृतात साचलेली चरबी कमी होऊन तिला त्वचेखाली जागा मिळते, रक्तातील मुक्त मेदाम्ले घटतात, ॲडिपोनेक्टिन हे इन्सुलिनला साथ देणारे मेदपेशींतील संप्रेरक वाढते आणि शरीरात तयार होणारे इन्सुलिन पुन्हा उपयोगी पडू लागते. हे सारे सावकाश घडत असल्याने पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. मलाही सुरुवातीच्या आठवड्यांत साखरेत फारसा फरक आढळला नाही, पुढे मात्र उपाशीपोटीची साखर आटोक्यात आली. ही गोळी एकटी घेतल्यास साखर एकदम खाली जाण्याची भीती फारशी नसते, हा मोठाच दिलासा आहे.

वजन मात्र वाढते, बहुधा दोन ते चार किलो. त्यातील काही भाग त्वचेखालच्या चरबीचा, तर काही अंगात साठणाऱ्या पाण्याचा असतो आणि या दोहोंतील फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे. माझ्या घोट्यावर संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ उमटू लागला, तेव्हा डॉक्टरांनी मात्रा ३० वरून १५ मिलिग्रॅमवर आणली आणि सूज ओसरली. हृदय कमकुवत असलेल्यांसाठी हेच पाणी घातक ठरू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ मध्ये हृदय निकामी होण्याच्या (हार्ट फेल्युअर) या धोक्याबाबत सर्वांत कडक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला, तो योग्यच होता. स्त्रियांमध्ये हातापायांची हाडे मोडण्याचे प्रमाण वाढते, तर मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून फ्रान्सने २०११ मध्ये या औषधाचा वापर थांबवला.

वजन उतरवणे हाच मुख्य हेतू असेल, तर भूक कमी करणारे सेमाग्लुटाइड अधिक योग्य ठरेल. यकृतात चरबी साचलेल्या, पण हृदय धडधाकट असलेल्या मधुमेही व्यक्तीने मात्र पायोग्लिटाझोनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे आणि गोळी सुरू झाल्यावर वजनासोबत कमरेचा घेर व घोट्यांची सूजही नोंदवत राहावी. धाप लागल्यास किंवा लघवीत रक्त दिसल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.