केईएफ एलएस५० मेटा : घोडबंदर रोडच्या हॉलमध्ये दहा महिने

गेल्या दिवाळीत स्पीकर घरी आले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर सगळी तक्रारच झाली असती, म्हणून मुद्दाम थांबलो. आता उन्हाळा झाला, पावसाळाही सरत आला. आता लिहितो.

आमचा फ्लॅट ठाण्यात, मानपाड्याच्या पुढे, अकराव्या मजल्यावर. हॉल सतरा फूट बाय साडेदहा फूट, खाली गुळगुळीत टाइल्स, बाल्कनीला सरकती काच. स्पीकर, ॲम्प (आवाजाला ताकद देणारं यंत्र) आणि स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी आणणारं यंत्र) मिळून सव्वातीन लाख गेले. घर आणि गाडी सोडली तर इतका खर्च मी कशावरच केलेला नाही, त्यामुळे अपेक्षाही तेवढ्याच होत्या.

बसवून द्यायला आलेल्या मुलाने स्पीकरच्या दोन्ही पेट्या टीव्ही युनिटच्या कप्प्यांत सरकवल्या, वायर जोडल्या आणि अर्ध्या तासात निघून गेला. संध्याकाळी बाबांना मुद्दाम तबल्याचा सोलो लावून दिला. बाबांनी चाळीस वर्षं तबला वाजवलाय. दोन आवर्तनं ऐकून ते म्हणाले, "डग्ग्याचा घुमारा हा असा नसतो रे. ही खोली घुमतेय." दुकानात फोन केला तर उत्तर आलं, अठरा हजारांची केबल घ्या, फरक पडेल. बाबांनी हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी थांबली तरी मागे झिणझिण उरली. "ही केबलने जाणार आहे का?" एवढंच विचारलं त्यांनी.

मग मी वाचायला घेतलं. साडेदहा फूट म्हणजे ३.२ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत जाऊन परत यायचं अंतर ६.४ मीटर, म्हणजे या रुंदीत ५४ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीभिंतींमध्ये अडकून फुगतो. खोलीच्या लांबीमुळे ३३ च्या जवळ एक आणि त्याच्या दुपटीला, ६६ च्या जवळ, आणखी एक. डग्ग्याचा खर्ज याच शेजारचा. त्यात या स्पीकरचं हवेचं छिद्र मागच्या बाजूला, आणि आम्ही ते कप्प्यात कोंबलेलं.

पहिलं काम स्टँडचं. वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौकोनी नळीचे स्टँड करून घेतले, नळीत कोरडी वाळू भरली. उंची अशी ठेवली की सोफ्यावर बसल्यावर स्पीकरच्या थरथरणाऱ्या शंकूचा मध्य बरोबर कानासमोर यावा. भिंतीपासून सव्वादोन फूट पुढे, दोन पेट्यांत सहा फुटांचं अंतर. जमिनीवर सोलापूरची जाड सतरंजी, काचेला दुहेरी पडदा, सोफ्यामागे पुस्तकांचं कपाट. मागच्या छिद्रासाठी फोमचे बोळे सोबत मिळतात, तेही लावून पाहिले, पण अंतर वाढवल्यावर त्यांची गरज उरली नाही. या सगळ्यात तीन रविवार गेले. खर्च अठरा हजारांच्या आतच आटोपला.

आता मूळ वस्तूबद्दल. केईएफ ही इंग्लंडातल्या केंटमधली कंपनी, १९६१ सालची. एलएस५० त्यांनी पन्नाशीनिमित्त २०१२ मध्ये आणला आणि त्याचीच पुढची आवृत्ती मेटा २०२० मध्ये. यात ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा भाग, वेगळा वर बसवलेला नाही, खालचे सूर काढणाऱ्या वूफरच्या शंकूच्या पोटातच आहे, त्यामुळे तार आणि खर्ज एकाच बिंदूतून निघतात. मेटा हे नाव ट्वीटरमागच्या चकतीमुळे पडलं. तिच्यात चक्रव्यूहासारख्या बारीक वाटा आहेत, मागे जाणारा आवाज त्या गिळून टाकतात. ६२० हर्ट्झच्या वरचा ९९ टक्के, असं कंपनी सांगते. ते मोजायला माझ्याकडे काही नाही, पण सलग तीन तास ऐकूनही कान शिणत नाहीत, हा रोजचा अनुभव आहे.

आणि गाणं! कुमारजींचं एक फुप्फुस क्षयाने निकामी झालं होतं, हे लहानपणापासून वाचलेलं. त्यांची तुकड्यातुकड्यांतली फेक कितीदा ऐकली असेल. पण दोन फेकींच्या मधला तो चटकन घेतलेला श्वास मी इथे पहिल्यांदा ऐकला. किशोरीताई वरच्या षड्जाकडे जाताना स्वर किती हलका करत नेतात, तेही नीट कळलं. जुनं मोनो रेकॉर्डिंग असेल तर आवाज दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये, टीव्हीच्या किंचित वर येऊन बसतो. पेट्या गातायत असं वाटतच नाही.

उणीव सांगायलाच हवी. हा स्पीकर ताकद मागतो. त्याची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक ताकदीत निघणारा आवाज, ८५ डेसिबल आहे, आणि ३ डेसिबल वाढवायचे तर वॅट दुप्पट लागतात. सुरुवातीला घरातलाच जुना ४० वॅटचा ॲम्प जोडला होता, भरधाव तानेत तो धापा टाकायचा. ८० वॅटचा आणल्यावर ते थांबलं. ज्यांना सिनेमातले स्फोट सोफ्यातून जाणवायला हवेत त्यांनी सबवूफरचे (फक्त खर्जासाठीच्या वेगळ्या स्पीकरचे) पैसे बाजूला ठेवूनच निघावं. सव्वापाच इंची शंकूकडून तेवढं मागू नये. आम्ही घेतला नाही.

जुलैत एक धक्का बसला. डाव्या पेटीतून खरखर सुरू झाली. दुकानवाले म्हणाले, पाठवून द्या, पंधरा दिवस लागतील. पाठवण्याआधी वायर काढून पाहिली तर तिच्या टोकाच्या बनाना पिनवर हिरवट थर धरलेला. खाडीवरची दमट हवा आणि मी रस्त्यावरून घेतलेल्या स्वस्त पिना. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, खरखर गेली. नंतर चांगल्या पिना घेतल्या. आता पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून पुसतो.

मागच्या महिन्यातली एक रात्र. रस्त्यावरचे कंटेनर जरा थांबले होते. बाबांनी कुमारजींचं एक जुनं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. आलाप सुरू झाला आणि बाबांनी मला हाताने थांबवलं. कोपऱ्यात आईचा तंबोरा भिंतीला टेकून उभा होता. रेकॉर्डिंगचा षड्ज नेमका त्याच्या षड्जाला मिळत होता. जवळ जाऊन कान लावला तर जोडीच्या तारा कोणी हात न लावता बारीक बोलत होत्या. आई स्वयंपाकघरातून येऊन तशीच उभी राहिली. तिने गाणं सोडून सहा वर्षं झाली आहेत.

आता गाणं लावायच्या आधी ती तंबोऱ्याची गवसणी काढून ठेवते.