चारही टायर बदलले, आता दोन हिवाळे झाले

पहाटे साडेपाचला ड्यूटीला निघते, तेव्हा रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी अजून फिरलेली नसते. माझा हिवाळी टायरचा हिशोब सगळा त्या वेळेवर बेतलेला आहे. भर बर्फात गाडी घालायची वेळ वर्षात चार-पाचदाच येते. रोज गाठ पडते ती ओल्या, थंडगार डांबराशी, आणि पुलावरच्या बर्फाच्या पातळ थराशी. पुलाला खालूनही वारा लागतो, त्यामुळे बाकी रस्ता नुसता ओला असताना तिथे पाणी गोठलेलं असतं.

या संचाआधीच्या हिवाळ्यात मी पुढे दोनच हिवाळी टायर बसवले होते. गाडी पुढच्या चाकांवर चालते, तर मागचे उन्हाळी चालून जातील असं वाटलं. उतारावरच्या वळणावर ब्रेक दाबला, पुढची चाकं रस्त्याला धरून राहिली आणि मागचा भाग अलगद बाहेर सरकला. गाडी रस्त्यात आडवी. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून वाचले. तेव्हा घ्यायचे तर चारही घ्या, पैसे कमी असतील तर थोडे स्वस्तातले घ्या, पण चारही.

दुकानात मी आधी टायरची बाजू बघते, नक्षी नंतर. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह हवंच. बर्फावरची चाचणी पार केल्याशिवाय ते मिळत नाही. नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तो बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो, मी त्यावर विसंबत नाही. मग चार आकड्यांची तारीख. मला दाखवलेल्या चारपैकी तिघांवर ३८२२ होतं, म्हणजे २०२२ सालचा ३८वा आठवडा. चौथ्यावर २११९! तीन वर्षं जुना टायर नव्याच्या भावात माझ्या गळ्यात मारला जात होता. मी तो परत करून त्याच तारखेचा मागवला, आठवडाभर थांबावं लागलं तरी.

आकार २०५/५५ आर १६, भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ९१, वेगाचं अक्षर (तो किती वेगापर्यंत चालतो ते सांगणारं) एच. गाडीच्या पुस्तिकेत होतं तेच घेतलं.

खरा घोळ प्रकार निवडताना झाला. धातूचे खिळे बसवलेले टायर माझ्या रस्त्याला नकोतच, कोरड्या डांबरावर ते नुसते खडखडतात. बिनखिळ्यांचे दोन प्रकार: एक फार मऊ रबराचा, गोठलेल्या आणि दाबून घट्ट झालेल्या बर्फासाठी, दुसरा ओल्या रस्त्याला आणि जास्त वेगाला सोसणारा. मी दुसरा घेतला. साधारण सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर ताठ होत जातं. थंड सकाळी उन्हाळी आणि हिवाळी दोन्हींवर अंगठ्याचं नख दाबून बघा: उन्हाळी प्लास्टिकसारखा लागतो, हिवाळी किंचित दबतो. नक्षीतल्या प्रत्येक रबरी ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा आहेत, जेमतेम पोस्टकार्डाची कड जाईल एवढ्या. ब्रेक लागला की ठोकळा वाकतो, चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. मोठ्या खाचांत दाबून बसलेला बर्फही खालच्या बर्फाला चिकटतो, म्हणून तो खरवडून काढायच्या भानगडीत पडू नका.

ओल्या रस्त्यावर या टायरवर माझा पूर्ण भरवसा आहे. ताज्या बर्फात चढावर एकदाही चाकं जागच्या जागी फिरली नाहीत. काचेसारख्या बर्फावर मात्र हे घसरतात, पुलावर मी अजूनही वेग निम्म्यावर आणते. तुमच्या रस्त्यावर असा बर्फ रोजचा असेल तर मऊ रबराचा प्रकार घ्या, लेबलवर अशा काचेसारख्या बर्फावरच्या पकडीचं वेगळं चिन्ह शोधा. डोंगर-हिमकणाचं चिन्ह आकाशातून पडलेल्या बर्फाबद्दल सांगतं, गोठलेल्या पाण्याबद्दल नाही. शिवाय ऐंशीच्या पुढे घूं घूं आवाज येतो आणि उबदार दिवशी स्टीअरिंग जरा सैल वाटतं.

हवा पहाटे, गाडी हलवण्याआधी तपासते. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब दीड-दोन पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) घटलेला दिसतो.

टायर नवे होते तेव्हा खाच आठ मिलिमीटर खोल होती, परवा मोजली तर साडेसहा. चारवर आली की मी हे टायर काढणार, कायद्याची मर्यादा कितीही खाली असो. आत्ता ते रिमसकट एकावर एक रचून ठेवलेत, प्रत्येकावर खडूने ‘पुढचा डावा’, ‘मागचा उजवा’ असं लिहून. पुढचे जास्त झिजलेत, म्हणून येत्या हिवाळ्यात डावे डावीकडे आणि उजवे उजवीकडेच ठेवून पुढचे मागे घालीन.