तुलूज ते बोर्दो सायकलवर: गाड्या नाहीत, चढ नाहीत आणि दुपारी दोननंतर जेवणही नाही

आधीच सांगते, आम्ही काही सायकलिस्ट वगैरे नाही. मी ५४ ची, हे ५९ चे, राहतो सिंहगड रोडला, तिथे सायकल घेऊन रस्ता ओलांडायचा म्हणजे आधी देवाचं नाव घ्यायचं, त्यामुळे आमच्या सायकली सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या. भाचा तुलूजला विमान कंपनीत आहे, सप्टेंबरात त्याच्याकडे गेलो होतो तर म्हणाला, मावशी, इथून कॅनॉलच्या काठानं बोर्दोच्या दिशेनं सायकलची वाट जाते, गाड्या नाहीत, तू आणि काका जाऊन या की. मला वाटलं पोरगं आम्हाला सहा दिवस घराबाहेर काढतंय. पण गेलो, आणि आल्यापासून इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच लिहून टाकते.

फ्रान्समध्ये अशा वाटेला 'व्वा व्हेर्त' म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. चालणारे, सायकलवाले आणि घोडेवाले एवढ्यांनाच परवानगी, मोटारसायकलसुद्धा नाही. नावातच व्वा आहे आणि पहिल्या दिवशी ते आमच्या तोंडून सारखं निघत होतं. तुलूजहून गारोन नदीला समांतर असा १९३ किमीचा कॅनॉल जातो, पूर्वी काठावरून घोडे दोरानं होड्या ओढत न्यायचे, ती काठाची वाट आता डांबरी केलीय. शेवटचा तुकडा जुन्या रेल्वेलाइनवरून, असं सगळं मिळून साधारण २६०-२७० किमी. वाट सपाट म्हणजे किती सपाट तर पहिले तीन दिवस मी गिअर बदललाच नाही. दोन्ही बाजूंना प्लेनची (चिनारच्या जातीची) उंच झाडं, सावली मस्त, फक्त कुठेकुठे मुळांनी डांबर वर उचललंय तिथे बुडाला बरोब्बर कळतं.

आता खरं सांगू का, इतकी सरळ वाट दुसऱ्या तासाला झोप आणते. पाणी, झाड, पाणी, झाड. हे तर म्हणाले, अगं आपण पुढे जातोय की तेच झाड परत येतंय? त्यामुळे दिवसाला ४५-५० किमीच धरा आणि मधे थांबायच्या जागा ठरवून ठेवा, नाहीतर बोर्दो येईपर्यंत नुसतं हँडल बघून याल.

आमचा सगळ्यात मोठा टाइमपास म्हणजे लॉक. कॅनॉलवर ५३ लॉक आहेत, पाण्याचा जिनाच म्हणा, बोट एका हौदात येते, दार बंद होतं, पाणी चढतं किंवा उतरतं, पुढचं दार उघडतं. गंमत अशी की दार उघडायला बहुतेक ठिकाणी कोणी माणूसच नसतो. आम्ही गेलो तेव्हा लॉकच्या थोडं अलीकडे पाण्यावर एक दांडा लोंबत असायचा, बोटीतल्या माणसानं जाताजाता तो पिळायचा की सिग्नल लागायचा आणि पुढचं सगळं आपोआप. एका बोटीतल्या आजोबांचा दांडा हुकला, बोट पुढे निघून गेली, आजी मागून ओरडतायत, मग ते बोट रिव्हर्स घेऊन परत आले आणि परत हुकला. आम्ही काठावर शेंगदाण्याची चटणी आणि ब्रेड खात पाऊण तास बसलो होतो. तिसऱ्या वेळी आजीनंच पिळला. भाषा कळत नव्हती पण सूर ओळखीचा होता.

पहिला मुक्काम मॉन्तेश. तिथे पाच लॉक वाचवायला १९७४ साली एक अफाट यंत्र बसवलं होतं, रबरी टायरवाली दोन इंजिनं कॅनॉलच्या दोन काठांवरून चालायची आणि पाण्याचा अख्खा लोट बोटीसकट उतारावरून वर ढकलत न्यायची. २००९ ला बंद पडलं, आता प्रदर्शन आहे. हे तिथून हलेचनात (मेकॅनिकल इंजिनिअरशी लग्न केल्याचे भोग).

दुसऱ्या दिवशी म्वासाक. गावात शिरायच्या आधी कॅनॉल चक्क पुलावरून तार्न नदी ओलांडतो, खाली नदी, वर कॅनॉल आणि कॅनॉलच्या कडेनं आपण सायकलवर, पहिल्यांदा डोकं गरगरतं. १९३० च्या पुरात शेजारचा रेल्वेपूल वाहून गेला तेव्हा काही काळ आगगाड्याही या पुलावरून नेल्या होत्या. गावातल्या मठाचं दगडी अंगण सन ११०० चं आहे, खांबांवरचं कोरीवकाम बघायला दीड तास तरी हवा. त्याच मठाचं जेवणघर १९ व्या शतकात रेल्वेलाइनसाठी पाडलं, आणि हीच ती रेल्वे जिनं कॅनॉलचा धंदाही बसवला, १८५६ ला कॅनॉल पुरा झाला न झाला तोच शेजारी रूळ आले, मग १८५८ ला तर कॅनॉलच रेल्वे कंपनीला चालवायला दिला. म्हणजे मांजराला दुधाची राखण. इथली शास्ला द्राक्षं मात्र नक्की खा, पिवळसर, पातळ सालीची, आम्ही किलोभर घेऊन बाकावरच संपवली.

आता तक्रारी. जेवण. गावातली हॉटेलं दुपारी बारा ते दोन, दोन वाजून पाच मिनिटांनी गेलात तर पाणीसुद्धा उपकार केल्यासारखं देतात. रविवारी दुपारी आणि सोमवारी तर गाव आहे की सिनेमाचा सेट असं वाटतं. आणि हा सगळा बदकवाल्यांचा मुलुख, मी निर्धास्तपणे सॅलड मागवलं तर त्यावर बदकाच्या पोटातल्या पेट्या (गिझार्ड) पसरलेल्या! शाकाहारी असाल तर 'शेव्र शो' एवढा शब्द पाठ करा, टोस्टवर गरम बकरीचं चीज आणि खाली पाला, सहा दिवसांत चारदा तेच खाल्लं. पुढच्या आजाँ गावचे प्रून (वाळवलेले आलुबुखार) मात्र पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरिअरला लटकवायच्या पिशवीत, कायम ठेवा, भूक भागते (आणि सकाळची काळजीही मिटते, कळलं ना).

पाणी संपलं तर काय? भाच्यानं सांगितलं होतं, मावशी, सरळ दफनभूमीत जा, तिथे फुलांना घालायला नळ असतो. हे पहिल्यांदा गेटवरच थांबले, म्हणे मी नाही इथलं पाणी पिणार. दुपारी तीनला, ऊन डोक्यावर असताना प्यायले. फक्त नळावर 'नॉन पोताब्ल' (पिण्याचं पाणी नाही) लिहिलेलं नाही ना एवढं बघून घ्या.

दुसरी तक्रार सायकलची. तुलूजच्या ज्या दुकानातून भाड्यानं घेतल्या त्याचं नाव लिहीत नाही, पण माझ्या कॅरिअरचा एक बोल्ट म्वासाकच्या पुढे कुठेतरी पडला आणि सगळी पॅनियर चाकाला घासायला लागली. समोर गोल्फेकच्या अणुवीज केंद्राचे दोन अजस्र कूलिंग टॉवर आणि आम्ही दोघं गवतात बसून दोरी बांधतोय. कपडे वाळत घालायची ती नायलॉनची दोरी मी पुण्याहून नेली होती आणि हे त्यावरून मला हसले होते. त्याच दोरीवर उरलेला प्रवास झाला. तेव्हा सायकल घेताना सगळे नटबोल्ट स्वतः हलवून बघा.

आजाँनंतरचा कॅनॉलचा पूल बघण्यासारखाच, २३ कमानी, ५३९ मीटर. पुढे ल मास दाजने नावाचं टेकडीवरचं एवढंसं गाव, तिथल्या चर्चमध्ये चक्क रेम्ब्रांटचं १६३१ सालचं क्रुसावरच्या येशूचं चित्र आहे. लांबचलांब रांग नाही, धक्काबुक्की नाही. आत आम्ही दोघं आणि एक बाई, तीही फुलं बदलायला आलेली.

फोंते गावापाशी कॅनॉल सोडायचा आणि इथे भाच्याचं 'गाड्या नाहीत' थोडं सैल पडतं. सोव्हतेर द ग्वियेनपर्यंत गावातले छोटे रस्ते आहेत, गाडी क्वचित येते, पण चढ आहेत. पाच दिवस सपाटीवर लाडावलेले पाय इथे बोंबलले, दोन ठिकाणी उतरून ढकलली, लाज नाही वाटली. सोव्हतेर १२८१ मध्ये वसवलेलं, चारही वेशी अजून उभ्या.

आणि तिथून पुढचा शेवटचा दिवस माझ्या मते सगळ्यात भारी. ५०-५५ किमीची रोजे लापेबी वाट. हे लापेबी १९३७ ची तूर द फ्रान्स सायकल शर्यत जिंकलेले, गिअर बदलायचा डिरेलर वापरून ती शर्यत जिंकणारे पहिले. इथे रेल्वेच बंद पडली आणि तिच्या जागेवर सायकली आल्या, कॅनॉलचा सूड पुरा झाला म्हणायचा. रेल्वेची लाइन असल्यानं चढ येतो पण जाणवत नाही, वाट वळते, द्राक्षमळे, झाडी, जुनी स्टेशनं, ला सोव्हला एक बोगदा, उन्हातून आत शिरलं की एसीचं दार उघडल्यासारखं गार. डांबर जुनं आहे, पण झोप नाही येत. वेळ कमी असेल तर बोर्दोहून फक्त हीच करा, बाकी सोडा.

वाटेला १० पैकी ९, जेवणाला ४. कंटाळा आला तर कॅनॉलच्या बाजूनं रेल्वे आहेच, बऱ्याच गावांत स्टेशन, लोकल गाडीत सायकल चढवता येते, पण गर्दीत जागा मिळेलच असं नाही. परतीच्या लांबच्या गाडीला सायकलचं रिझर्वेशन आधीच करून ठेवा. सहा दिवसांचं अंतर गाडीनं दोन तासांत संपलं, हे झोपले होते, मी खिडकीतून लॉक मोजत होते, गाडीच्या वेगात नऊच सापडले.

दुकानदारानं डिपॉझिटमधून बोल्टचे सहा युरो कापले आणि दोरी काढायला कात्री घेऊन आला. मी कात्री लावू दिली नाही, गाठ सोडून काढून आणली. बाल्कनीत परत बांधलीय.