फिश टँकच्या ‘इन्फेक्शन’ची बिनलेबल बाटली: पैसे देण्याआधी वाचा

खारपाण पट्ट्यातल्या, म्हणजे जिथलं जमिनीतलं पाणीच खारं आहे अशा भागातल्या, एका घरातला हा प्रकार आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या गावांत असाच्या असा पुन्हा पुन्हा घडतो, म्हणून तपशिलासकट लिहितो आहोत. तालुक्याच्या दुकानातून दोन बाय एक बाय एक फुटाची काचेची टाकी, आतला छोटा फिल्टर, रंगीत खडी आणि चार गोल्डफिश आणले. त्याच संध्याकाळी पाणी भरलं आणि मासे सोडले. चौथ्या दिवशी चारही मासे पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकू लागले, पंख अंगाला चिकटले, कल्ले लालभडक झाले. मोबाईलवरचा फोटो पाहून दुकानदार म्हणाला, “माशाले इन्फेक्शन झालं भाऊ. हे निळं घेऊन जा, दहा थेंब टाका, सकाळी पायजा कसे पयतात तं.”

बाटलीवर नाव नाही, प्रमाण नाही, तारीख नाही. किंमत 180 रुपये. दोन दिवसांनी 250 रुपयांची पिवळी पूड. मग सल्ला, की सगळं पाणी फेका, फिल्टर बोअरच्या धारेखाली स्वच्छ धुवा, नवं पाणी भरा. त्यानंतर दोन मासे मेले. तेव्हा सांगितलं, “ते कमजोरच होते, नवी जोडी टाका.”

या सगळ्यात दुकानदाराने पाण्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. टाकी कधी भरली, पाणी कुठलं, खाणं किती घालता, काहीच नाही. खरा दोष तर पाण्यातच होता.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तेवढ्या काळात अमोनिया साचतो, कल्ले जाळतो, आणि पाण्यात हवा असूनही माशाला श्वास घेता येत नाही. त्यात आपल्याकडे बोअरचं पाणी बहुधा क्षारयुक्त, म्हणजे त्याचा पीएच (पाणी किती आम्ल की अल्क, ते सांगणारा आकडा) चढा. पीएच 7 असताना जेवढ्या अमोनियाने फारसं बिघडत नाही, तेवढाच अमोनिया पीएच 8 ला सुमारे दहापट घातक ठरतो. पाणी तापलं की आणखी. मे महिन्यात आपल्या घरातल्या टाकीचं पाणी सहज 32 अंशांच्या वर जातं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. भारनियमनात हवेचा पंप बंद पडला की दोन्ही संकटं एकत्र येतात.

आता ते ‘औषध’. निळं म्हणजे बहुधा मिथिलीन ब्लू. औषध म्हणून ते वाईट नाही. अंड्यांवर, जखमेवरच्या बुरशीवर त्याचा उपयोग होतो, पण तो वेगळ्या बादलीत किंवा टबात. मुख्य टाकीत टाकलं की अमोनिया पचवणारे जे थोडे जिवाणू वाढू लागलेले असतात, तेच मरतात. टाकीच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं पडतं, ही आणखी एक खूण. आणि दहा थेंब म्हणजे नेमकं किती? वीस थेंबांचा साधारण एक मिली होतो. द्रावण 1 टक्क्याचं असेल तर एका मिलीत 10 मिलिग्रॅम रंग, 5 टक्क्यांचं असेल तर 50 मिलिग्रॅम. लेबल नसेल तर थेंब मोजण्याला अर्थच राहत नाही.

पिवळी पूड टेट्रासायक्लिनच्या जातीचं प्रतिजैविक असू शकते. कडक पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला ते बांधलं जातं आणि माशाच्या उपयोगाचं फारसं राहत नाही. म्हणजे बोअरच्या पाण्यात ती पूड टाकून बऱ्याचदा पाणी पिवळं करण्यापलीकडे काही साधत नाही. पुढे फिल्टर धुवायला लावणं हा तर शेवटचा घाव. धारेखाली स्पंज धुतला की उरलेसुरले जिवाणूही वाहून जातात, टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते, आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानात. काही जण हे अज्ञानातून करतात हे खरं. पण जो रोज डझनभर टाक्या विकतो आणि ज्याच्या स्वतःच्या टाक्यांचे फिल्टर महिनोन्‌महिने कोरडे होत नाहीत, त्याला हे ठाऊक नसतं यावर आमचा विश्वास नाही.

मासा धापा टाकताना दिसला तर आधी अमोनियाची थेंबांची चाचणी करा. किट ऑनलाइन मिळतं. आकडा शून्य यायला हवा. 0.25 किंवा जास्त आला तर औषध नको, पाणी बदला. रोज एक तृतीयांश ते निम्मं, एकदम सगळं कधीच नाही. नवं पाणी टाकीइतक्याच तापमानाचं हवं. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लीचिंग पावडरचा वास येत असेल तर ते उघड्या बादलीत, शक्यतो हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा) सोडून, 24 तास ठेवलेलं हवं. दोन दिवस खाणं बंद ठेवा. धडधाकट गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. स्पंज फारच गच्च झाला असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळा. ओळखीच्या कुणाकडे जुनी निरोगी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये घाला. तो रस्त्यात ओला राहिला पाहिजे. हा फुकटचा उपाय दुकानातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा भारी आहे.

दुसरी फसवणूक पांढऱ्या ठिपक्यांची. ती समजायला हे ठिपके आणणाऱ्या परजीवीचं चक्र माहीत असावं लागतं. इक हा जीव माशाच्या कातडीखाली वाढतो, मग गळून तळाला जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेवर. कातडीखाली असताना कशाचाच परिणाम होत नाही. उबदार पाण्यात ठिपके तीन-चार दिवसांत आपोआप गळतात. नेमकं याच वेळी विकलेली बाटली गुणकारी वाटते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि आठवड्याभरात मासा पहिल्यापेक्षा दाट ठिपक्यांनी भरतो. मग ‘जास्त पॉवरचं’ औषध विकलं जातं.

खरा उपचार साध्या मिठाने होतो. गोल्डफिशसाठी लिटरला 2 ग्रॅम. वरच्या टाकीत खडी वजा जाता साधारण 40 लिटर पाणी बसतं, म्हणजे 80 ग्रॅम. किराण्याच्या तराजूवर तोला, चमच्याच्या अंदाजाने नको. टाकीतल्याच पाण्यात विरघळवून दीड दिवसात तीन हप्त्यांत घाला. रोज तळातली घाण नळीने ओढा, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान आठवडाभर मीठ राहू द्या. पाणी बदललं तर तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ पुन्हा घाला. पाणी नुसतं आटलं असेल तर वरून साधं पाणी, कारण मीठ आटत नाही. खारपाण पट्ट्यातलं पाणी मुळातच खारं असतं, तिथे आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजून मगच प्रमाण ठरवा. कोरीसारखे छोटे कॅटफिश आणि लोच यांना मीठ सोसत नाही. शोभिवंत डब्यातलं ‘अ‍ॅक्वेरियम सॉल्ट’ म्हणजे सोडियम क्लोराईडच. पाव किलोला शंभराहून जास्त रुपये कशाला?

आणि प्रत्येक पांढरा ठिपका इक नसतो. विणीच्या हंगामात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पंखाच्या पुढच्या काट्यावर बारीक, टणक, ओळीत बसवल्यासारखे पांढरे दाणे येतात. भिंगातून पाहिलं तर ते ठराविक जागीच असतात, शेपटीवर किंवा पाठीवर पसरत नाहीत, रोज वाढत नाहीत. मासा खडीला अंग घासत नाही, उलट मादीमागे धावत असतो. हा निरोगी नर आहे. त्यालाही ‘इक’ म्हणून औषध विकलेलं आम्ही पाहिलं आहे. इकचे ठिपके मात्र मीठ शिंपडल्यासारखे कुठेही, शेपटीच्या पडद्यावरसुद्धा येतात.

तोंडाभोवती कापसासारखा पांढरा पट्टा दिसला तर त्याला लगेच बुरशी म्हणू नका. तो बऱ्याचदा कॉलम्नॅरिस हा जिवाणूचा आजार असतो आणि गरम पाण्यात झपाट्याने वाढतो. “हीटर लावा, मासोळीले ऊब द्या” हा सल्ला इथे जीव घेतो. अंगातून हिरवट-पांढरा दोरा लोंबत असेल आणि टोकाशी दोन फाटे असतील, तर ती अँकर वर्म. तलावात वाढवलेल्या गोल्डफिशबरोबर ती येते, चिमट्याने मुळाशी धरून काढावी लागते. पोट फुगून खवले उभे राहिलेला मासा क्वचितच वाचतो. त्यासाठी महागडं औषध विकणाऱ्याला सरळ नाही म्हणा. इंजेक्शनने रंगवलेले निळे-गुलाबी काचमासे तर घेऊच नका. रंग काही महिन्यांत उडतो आणि सुईची जखम त्या जिवाला भोवते.

खरेदीला जाल तेव्हा दुकानातल्या टाक्यांच्या पाण्याकडे पाहा. विक्रीच्या टाकीतलं पाणी निळसर असेल तर आजार दाबून ठेवलेला आहे. सगळ्या टाक्यांत एकच जाळी फिरत असेल तर एका टाकीतला रोग सगळीकडे गेलेला आहे. आपल्यासमोर खाणं टाकायला सांगा, जो मासा खायला येत नाही तो घेऊ नका. टाकी आणि मासे एकाच दिवशी घेऊ नका.

औषध घ्यावंच लागलं तर घटक, प्रमाण आणि तारीख छापलेलंच घ्या आणि पक्कं बिल मागा. बिल नाकारलं तर तिथेच थांबा. बाटली, बिल आणि दुकानदाराचे मोबाईलवरचे सल्ले जपून ठेवले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर मराठीतून तक्रार नोंदवता येते. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.