जुना चेनसॉ घ्यायचा: ऑनलाइन जाहिरातीवरून की दुरुस्तीवाल्याकडून?

वादळात पडलेली झाडं तोडायला, फांद्या छाटायला कोकणातल्या बागायतदाराला चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळी-करवत, लागतोच, आणि स्टिल किंवा हस्कवार्ना कंपनीचा नवा चेनसॉ खिशाला जड जातो. मग नजर जुन्याकडे वळते.

ऑनलाइन जाहिरातींत भाव कमी आणि निवड भरपूर, हे खरं. पण फोटोत पिस्टन दिसत नाही. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच, साधारण ५० भाग पेट्रोलला १ भाग. कुणी नुसत्या पेट्रोलवर चालवला असेल तर पिस्टनवर उभे ओरखडे पडतात आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जातं. तरीही व्हिडिओपुरतं मशीन सुरू होऊ शकतं. त्यात विक्रेता लबाड निघाला तर 'मी लष्करात आहे, बदली झालीय, आधी थोडे पैसे पाठवा' ही कहाणी ठरलेली. अशा माणसाला एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते.

दुरुस्तीवाल्याकडे दोन पैसे जास्त जातात, पण तिथे सायलेन्सर खोलून पिस्टन डोळ्यांनी बघता येतो. थंड इंजिनाची दोरी ओढून पाहा, हाताला जोर लागला पाहिजे. चेन ब्रेक, म्हणजे फिरती साखळी झटकन थांबवणारा ब्रेक, पकडतो का तेही तपासा, जिवाशी गाठ आहे.

माझं मत दुरुस्तीवाल्याच्या बाजूने. ऑनलाइनच घ्यायचा असेल तर विक्रेता जवळपासचा हवा, आणि पैसे लाकडावर मशीन चालवून पाहिल्यावरच द्यायचे.